समासातलं ‘म्हणून काय?’

मुलांच्या निबंधांच्या समासात मी लाल पेनाने एकच प्रश्न लिहीत आले: ‘म्हणून काय?’ गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात माझं टोपणनावही तेच पडलं होतं. माझ्या पाठीमागे म्हणायचे, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. कार्टी!

हे गेले आणि दोन महिन्यांनी मी पुन्हा कामावर रुजू झाले. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. कसली खंबीर! मला काहीच वाटत नव्हतं. दूध उतू गेलं, म्हणून काय. रडूही येत नव्हतं. सकाळी पोळ्यांचे उंडे मात्र सात व्हायचे. तीन माझे, चार यांचे. मग चार पुन्हा कणकेत मिसळायचे.

त्याच सुमारास वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर माझ्याकडे येऊन बसू लागली. कादंबरीच्या पेपरात दोनदा नापास. या खेपेला विषय राहिला तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. शहराबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून ती यायची, नखांत माती तशीच.

प्रश्न ठरलेला: कादंबरीच्या सुरुवातीचं महत्त्व सांगा. नेमलेल्या कादंबरीत पहिल्याच पानावर एक बाई कणीक मळते, पाच उंडे करते आणि एक परत ठेवून देते. ते पान मी इतक्यांदा शिकवलं होतं, की आता स्वतः तेच करतेय हे माझ्या लक्षातही आलं नाही. हिने गाइडमधून उतरवलं होतं, ‘प्रस्तुत कादंबरीची सुरुवात अत्यंत प्रभावी आहे.’

“कोणावर पडला प्रभाव? तुझ्यावर?” मी खेकसले. “आधी पानावर काय दिसतं ते लिही. मग त्यातून काय कळतं. मग पुढच्या गोष्टीला त्याचा काय उपयोग. उगाच पाल्हाळ नको.”

तिने चार वेळा लिहून आणलं, चारही वेळा मी समासात तोच प्रश्न खरडला. पाचव्यांदा ती वैतागली. “मॅडम, आता लय झालं. बोलून दाखवू का?”

“बोल.”

“बाईनं पाच उंडे केले, अन् जेवणारे चारच हायेत. म्हंजे कोणतरी गेलंय. म्हणून काय? तर तिला माहीत हाय, पण तिच्या हाताला अजून नाय कळलं. जुडी बांधताना आम्ही कुठं मोजतो? हातच मोजतो. हाताला उशिरा कळतं. पुढची सगळी कादंबरी म्हंजे तिच्या हाताला कळायचीच तर गोष्ट हाय.”

मी लाल पेनाला टोपण लावलं.

“चुकलं का?” तिचा चेहरा पडला.

“नाही. अगदी हेच लिही, याच क्रमाने.”

तेव्हाही मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात उंडे झाले.

निकालाच्या सकाळी मी पोळ्या करत असताना तिचा फोन आला. “मॅडम, सुटले! पास झाले!”

“शाबास गं बाई,” मी म्हणाले आणि सहज परातीकडे नजर गेली. तीनच उंडे. मी मोजले नव्हते.

मी ओट्याला टेकले आणि ढसाढसा रडले. तिकडून ती घाबरून विचारत राहिली, “अहो मॅडम, पास झाले मी! रडताय कशाला?”