जांभूळ चुकवणारा आवाज

दादाची नजर गेली तेव्हा मी शाळेत होते. ती एकदम गेली नाही. आधी फळ्यावरचं अक्षर गेलं, मग वर्तमानपत्रातलं, शेवटी माणसांचे चेहरे. तो मास्तरकीचं शिकत होता, ते अर्ध्यावर राहिलं. धामणगाव बढेच्या आमच्या घरात त्याला वाचून दाखवणारे होते. पण वाचणाऱ्याच्या सवडीनं ऐकायचं, त्यानं गाळलेलं गाळलंच जायचं, हे त्याच्या जिवावर यायचं. बाबा वर्तमानपत्र वाचताना मरणाच्या बातम्या गाळायचे. ते दादाला कळायचं.

पुढे मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि दादाला माझ्याकडे घेऊन आले. इंटरनेट तेव्हा नवं होतं. त्यावर मला एक प्रोग्रॅम सापडला. तो पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा, पण इंग्रजीच. करणारा परदेशातला कुणी होता. मी त्याला कधी पाहिलं नाही. प्रोग्रॅमबरोबर त्यानं त्याचा सगळा कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्यांवर चालतो त्या लिहिलेल्या सूचना, उघडा ठेवला होता आणि सोबत परवाना जोडला होता. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र यातून जे कराल त्याचाही कोड असाच उघडा ठेवा, तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हाच हक्क द्या, आणि आधीच्यांची नावं पुसू नका.

मी तो परवाना दादाला मराठीत सांगितला.

"म्हंजे त्यानं आपल्याले जसं देलं, तसंच आपल्याले पुढं द्या लागते," तो म्हणाला.

"हो."

"मंग ठीक आहे. करू आपण."

मराठी लिहिलेलं वाचायचं म्हणजे सोपं, असं मला वाटलं होतं. पण च आणि ज यांनी आम्हाला रडवलं. 'चार' म्हणताना जीभ एका जागी लागते, 'चारा' म्हणताना दुसऱ्या. 'जग' आणि 'जगणं' यांतला ज सारखा लिहितो, पण सारखा म्हणत नाही. माणसाला हे आईच्या मांडीवर कळतं. यंत्राला एकेका शब्दाचा नियम सांगावा लागतो, आणि नियमाला अपवाद. मी कॉलेजातून आले की आम्ही बसायचो. मी शब्द टाकायचे, यंत्र बोलायचं, दादा मान हलवायचा किंवा तोंड वाकडं करायचा. एखाद्या शब्दाबद्दल मला खात्री नसली, की मी कोडमध्ये त्या ओळीशेजारी टीप लिहून ठेवायचे: दादाले इचारणे. अशा टिपांचा यंत्रावर काही परिणाम होत नाही; त्या लिहिणाऱ्यासाठीच असतात.

यात काही वर्षं गेली. मग आम्ही तो प्रोग्रॅम त्याच परवान्यासह इंटरनेटवर ठेवला. आवाज रुक्ष होता, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. तरी दादा त्यावर इंटरनेटवरचं सगळं वर्तमानपत्र ऐकायचा, मरणाच्या बातम्यांसकट.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अंधशाळेच्या बाई आमचा प्रोग्रॅम वापरायच्या. त्यांचा एकदा फोन आला. "ताई, आमच्याकडे पुण्याच्या कंपनीचं वाचनयंत्र आलं आहे. मुलं फार खूश आहेत. पण तुम्ही दोघं एकदा येऊन ऐकाच."

आम्ही गेलो. यंत्र छोटंसं होतं, पुढे कळफलक. आवाज बायकी होता आणि खरोखर गोड. मुलं त्याच्याभोवती बसून धडा ऐकत होती. त्या धड्यात जांभळाचं झाड होतं. यंत्र म्हणालं, 'ज्यांभूळ'. एक मुलगी हसली. दादा हसला नाही. त्यानं माझा हात धरला.

"हे आपली चूक आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

खरंच होतं. पहिल्या वेळी प्रोग्रॅम बाहेर ठेवला तेव्हा जांभूळ मी चुकीच्या गटात घातलं होतं. पुढे ते दुरुस्त केलं. या यंत्रात मात्र ते तसंच होतं.

यंत्रासोबतच्या पुस्तिकेत आमचा उल्लेख नव्हता, त्या परदेशी माणसाचाही नव्हता. मी कंपनीला लिहिलं. परवान्याप्रमाणे आमचे नियम ज्यात मिसळले, ते सगळं उघडं करावं लागत होतं, त्यांचा तो गोड आवाजसुद्धा. उत्तर आलं, "उच्चारांचे नियम आमच्याच इंजिनियरांनी स्वतंत्रपणे तयार केले आहेत, आपला गैरसमज झालेला दिसतो."

बुलढाण्यातल्या एका वकिलांना दाखवलं. भले गृहस्थ होते. त्यांनी परवाना दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "ताई, चोरी म्हणावं तर तुमची वस्तू तुमच्याजवळच आहे. हे मी न्यायाधीशांना कसं समजावू?"

अशात मला एक निनावी ईमेल आला. त्यात एका साइटचा पत्ता होता. तिथं त्या वाचनयंत्राचा सगळा कोड कुणीतरी टाकून दिला होता. कंपनीतूनच फुटला होता, हे उघड होतं. मी तो उतरवून घेतला आणि उच्चारांची फाइल उघडली. आमची नावं काढलेली होती. परवाना काढलेला होता. नियम मात्र ओळीला ओळ आमचे होते, आणि एका ओळीशेजारी टीप होती: दादाले इचारणे.

मी ती दादाला वाचून दाखवली. वाटलं, तो चिडेल, उठून उभा राहील.

"हे त्यायनं देलं का तुले?" त्यानं विचारलं.

"नाही. कोणीतरी फोडलं."

"मंग बंद कर."

"दादा, आपलंच आहे हे! आपली टीप आहे त्यात."

"टीप आपली आहे. बाकीचं? तो आवाज कोनं केला? त्यायच्याच पोरायनं केला ना मेहनत करून? त्यायनं आपल्याले देला नाही."

"परवान्याप्रमाणे त्यांनी द्यायलाच पाहिजे."

"द्याले पाहिजे, हे खरं. पण देला नाही, हेबी खरंच. आन ज्यानं फोडलं त्याची नोकरी जाईन. तू हे घेऊन गेली, का पहिले त्यालेच शोधतीन."

माझ्या कॉलेजातला एक सहकारी दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "तो आवाज तुमच्या प्रोग्रॅममध्ये घालून टाका. त्यांनी तुमचं घेतलं, तुम्ही त्यांचं घ्या. कोण विचारतं?" मोह नव्हता असं नाही. आमच्या डब्यातल्या आवाजाला मीही कंटाळले होते. पण दादा ऐकेना. चार दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. पाचव्या दिवशी मी ती फाइल पुसली. पटलं म्हणून पुसली की त्याच्या हट्टापुढे दमले म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मग रस्ता दादानंच सुचवला. "यंत्र त्यायनं शाळेले देलं आहे ना? ते तर बोलते. त्याचंच ऐकू."

आम्ही अंधशाळेत जाऊन बसलो. जुन्या प्रोग्रॅममधल्या आमच्या जेवढ्या चुका आम्हाला आठवत होत्या, त्यांचे शब्द यंत्रात टाइप केले. चुलता 'च्युलता' झाला. झोपाळा चुकला. माझ्या घाईनं झालेल्या, कुणाही शहाण्या माणसाकडून पुन्हा तशाच होणार नाहीत अशा चुका. त्या गोड आवाजात एकेक चूक बाहेर पडत होती आणि दादा मान खाली घालून ऐकत होता. आम्ही ते सगळं टेप केलं.

टेपबद्दल कळवल्यावर कंपनीच्या संचालकांनी आम्हाला पुण्याला भेटीची वेळ दिली. आदबीनं वागले, चहा मागवला. टेबलाच्या टोकाला त्यांचे दोन-तीन इंजिनियर बसले होते. आम्ही टेप लावली, आधी आमचा जुना प्रोग्रॅम, मग त्यांचं यंत्र.

"मॅडम, आमचा कोड चोरीला गेलाय, हे आपल्याला माहीत असेल," संचालक म्हणाले. "आपण त्यावरून तर बोलत नाही ना?"

"मी तो पाहिला," मी म्हणाले. "आणि पुसला. आज तुमच्यापुढे जे ठेवलंय त्यात त्यातलं काही नाही. हे तुमच्या यंत्राच्या तोंडचं आहे."

दादा म्हणाला, "साहेब, आम्हाला काही नको. नावं परत लावा आणि परवान्यात आहे तसं उघडं करा. मुलांना ते सुधारता येईल." पुण्याला तो असं जपून, पुस्तकातलं मराठी बोलत होता. तरी समोरच्या एकाच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मला दिसलं. दादाला ते दिसलं नाही, याचं मला बरं वाटलं.

संचालकांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. काही महिन्यांनी कळवलं ते असं, की कंपनीनं वाचनयंत्र बाजारातून मागे घेतलं आहे. कोड उघडा केला नाही, चूकही कबूल केली नाही. यंत्र विकणंच बंद केलं, म्हणजे वाद संपला, असं त्यांचं म्हणणं. शाळांकडे जी होती ती बिघडली की दुरुस्त होणार नव्हती.

अंधशाळेच्या बाईंना मी फोनवर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मुलांना तो आवाज आवडत होता, ताई." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. कायद्यानं आणि परवान्यानं आमचं बरोबर होतं, तरी एका वर्गाच्या हातातली वस्तू आज ना उद्या जाणार होती, आणि तिच्या जाण्यात आम्ही होतो.

त्यानंतर एका तरुणाचा फोन आला. कोड त्यानंच बाहेर टाकला होता. तो गोड आवाजही त्याच्याच हातचा. त्याला कामावरून काढलं होतं. आम्ही त्याचा माग दिला नव्हता. कंपनीनं तो स्वतःच काढला होता.

"मॅडम, मी तुमच्यासाठी केलं," तो म्हणाला. "तुम्ही वापरलं का नाही?"

दादानं माझ्या हातातून फोन घेतला.

"बाबू, तू आमची बाजू घेतली, हे आम्ही इसरनार नाही. पण तुह्या मालकाले न इचारता असं आम्ही कसं घेऊ? आता कुठं आहेस?"

तो गावी होता, आईवडिलांकडे. आमच्यासाठी नव्यानं तसा आवाज करशील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, करता येणार नाही. तसाच होईल, आणि ते पुन्हा म्हणतील त्यांचाच आहे. ते खरं होतं. त्याच्याच हातानं केलेली गोष्ट त्याला पुन्हा करण्याची चोरी झाली होती. पुढे त्याला दुसरीकडे काम लागलं, असं त्यानं कळवलं. त्यानंतर बोलणं नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही अंधशाळेत राहिलो. जुने कॉम्प्युटर गोळा केले, त्यांवर आमचा प्रोग्रॅम बसवला. दादा मुलांना कळफलक शिकवायचा. पहिले काही दिवस मुलं आमच्या प्रोग्रॅमच्या आवाजाची नक्कल करून हसायची. मग हसणं थांबलं आणि ती ऐकायला लागली. एका मुलीनं सोनाळ्याहून आलेली आजीची चिठ्ठी कुणाकडून तरी टाइप करून घेतली होती. ती तिनं यंत्राकडून वाचून घेतली, मग पुन्हा पहिल्यापासून लावली. दादा शेजारच्या खुर्चीवर बसून होता, मी दाराबाहेर. ती म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर जाता का? मला एकटीलाच ऐकायचं आहे."

दादा काठी घेऊन उठला आणि बाहेर व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.