गाडीवरची गोळी

आजारी माणसाच्या घरात औषधांच्या रिकाम्या पाकिटांपेक्षा गोष्टीच जास्त साठतात. आमच्याकडे जो तो विचारपूस करायला येतो आणि हसत जातो!

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आबांना, पार्किन्सन झाला. उजवा हात सारखा थरथरायचा. त्यात माझी पोर चार महिन्यांची. आबा तिच्याकडे बघत बसायचे, पण 'दे' असं कधी म्हणाले नाहीत. मीही दिली नाही. हातातून पडली तर?

*

शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या टायमावर द्यायच्या, जेवणाच्या आधी. आमचं घड्याळ बंद. सासूबाई म्हणाल्या, घड्याळ कशाला, किन्हवलीची एसटी गाडी आहे की! फाट्यावर हॉर्न वाजला की गोळी. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. मला वाटलं, झकास जमलं.

पावसात रस्त्यावरची मोरी वाहून गेली आणि गाडी वेळीअवेळी यायला लागली. इकडे आबा लाकडासारखे ताठ. सदऱ्याचं बटण लावता येईना. डॉक्टरांनी बघितलं, आजार वाढलाय म्हणाले आणि गोळी वाढवली.

*

मोरी दुरुस्त झाली, गाडी वेळेवर आली. आता वाढीव गोळी वेळेवर पोटात! आबा ओट्यावर बसल्या जागी डुलायला लागले. मान इकडे, खांदे तिकडे.

शेजारच्या काकीने बघितलं, तशी घरी पळाली आणि हळदकुंकू, नारळ घेऊनच आली. पाया पडून म्हणाली, "देवा, म्हस कधी विणार?"

आबा डुलत डुलत म्हणाले, "देव नाय गो, गोळी हाय. म्हशीचं डॉक्टरला विचार."

तरीही काकीने नारळ फोडलाच.

*

पुन्हा शहापूर. डॉक्टरांनी मला विचारलं, गोळ्या नेमक्या किती वाजता देता? मी म्हटलं, गाडी आली की. कुठली गाडी, तेही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, आजार नव्हता वाढला. गाडी लेट होती!"

गोळी पहिल्यासारखी केली आणि जाताना गजराचं घड्याळ घ्यायला लावलं.

*

घड्याळावर बरं चाललं. पण एका गोळीचा असर उतरला की दुसरी घेईपर्यंत हात थरथरायचाच. अशाच एका दुपारी मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते आणि ओसरीवर झोळीत पोर रडायला लागली. पिठाचे हात धुवेपर्यंत रडणं एकदम थांबलं. तशीच धावले.

पोर झोळीतच होती. आबा शेजारी बसलेले. झोळीची दोरी त्यांनी उजव्या हाताला गुंडाळून घेतलेली. हात थरथरत होता, झोळी बारीक बारीक हलत होती आणि पोरीचे डोळे मिटत चालले होते.

आत गजर वाजला. मी पळत जाऊन गोळी आणि पाणी आणलं. आबांनी डावा हात पुढे करून मला थोपवलं.

"थांब गो," ते हळूच म्हणाले. "आताच हात थांबला तर पोर उठेल."