मजल्याची डॉक्टर

प्रितीला मेडिकलला प्रवेश मिळाला त्या वर्षी परळच्या त्यांच्या चाळीत भीमजयंतीला तिचा सत्कार झाला. शेजारचे कोंडीरामकाका पूर्वी पाट्या रंगवायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर रंगवलं, डॉ. प्रिती.

"काका, अजून बरीच वर्षं आहेत."

"असू दे गं. तोवर रंग पक्का होईल."

तेव्हापासून बायका जिन्यातच तिच्यापुढे रिपोर्ट धरू लागल्या. तिला हाडांची नावं पाठ होती. जिवंत माणसाचं दुखणं अजून कुणी शिकवलं नव्हतं. पण मला येत नाही, हे शब्द तोंडातून निघत नसत. वर्गात दिवसभर 'कोट्यातली' म्हणून ऐकून आल्यावर घरी तरी कुणी डॉक्टर म्हणत होतं.

एका रविवारी दुपारी काका घामाघूम होऊन आले. "छातीत जळजळतंय. काल मटण जास्त झालं."

"दवाखान्यात जाऊ या का?" त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी विचारलं. दवाखाना गल्लीच्या टोकाला होता.

"मजल्यावर डॉक्टर असताना रांगेत उभा राहू?"

प्रितीनं नाडी पाहिली. "ॲसिडिटी वाटतेय, काका. गोळी घ्या आणि पडून राहा."

ते पडून राहिले. चहासाठी हाक मारली तेव्हा उठले नाहीत.

तिला कुणी बोललं नाही. उलट भेटायला येणाऱ्यांना सुंदराबाई सांगत, "डॉक्टरनं बघितलं होतं हो. तेवढंच आयुष्य होतं." मधल्या पातळ भिंतीतून ते रोज ऐकू यायचं.

ती कॉलेजला जाईना.

"डॉक्टरांच्या हातून असं होतंच," पप्पा म्हणाले.

"मी डॉक्टर नव्हते, पप्पा."

मेडिकलची सीट गेली. आता ती गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या कॉल सेंटरमध्ये फोन घेते. दारावरचं नाव कुणी पुसलं नाही.

परवा सुंदराबाई आल्या. पाय सुजले होते. "बघ ना गं."

प्रितीनं हात लावला नाही. "चप्पल घाला, काकी. केसपेपर काढू."

दवाखान्याच्या रांगेत सुंदराबाई पुढच्या बाईला कौतुकानं म्हणाल्या, "ही आमची डॉक्टर."

"नाही," प्रिती म्हणाली. "मी शेजारी आहे. तेव्हाही तेवढीच होते."

रांग जराशी सरकली. मग सुंदराबाईंनी हळूच विचारलं, "त्या दिवशी त्यांना इथं आणायला हवं होतं का गं?"

"हो, काकी."