पेवात न सोडलेला दिवा

पेवाच्या तळाशी ज्वारीवर मी वाकले आणि मग मला उठता येईना. पाय माझे नसल्यासारखे झाले. आंबूस वास नाकात बसला होता. वरून चुलता ओरडत होता, "टोपलं भर की गं, बसलीस काय!" मला उत्तर द्यायचं होतं, पण आवाज निघाला नाही. कमरेचा दोर मी टोपल्याला बांधायला सोडून ठेवला होता. पुढचं मला आठवत नाही. ते चुलतीकडून ऐकलेलं आहे, शंभर वेळा.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं, दोन पुरुष खोल. वर्षभर बंद राहिलं की आतली हवा मरते. म्हणून पेव उघडल्यावर एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोरानं पेटता दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवशी आमच्या घरात ते विसरले, आणि त्याला कारण माझं रूप.

मी जन्मतः पांढरी. केस, भुवया, पापण्या सगळं कापसासारखं. उन्हात डोळे उघडत नाहीत. मी पाच वर्षांची असताना आई-बाप एकाच आठवड्यात पटकीनं गेले. बायका म्हणाल्या, भुताचं पोर आहे, आई-बापाला खाल्लं. चुलतीनं मला ठेवून घेतलं. प्रेमानं नाही, दुसरं कोण ठेवणार म्हणून. जेवायला मात्र पोटभर दिलं. मी दिवसभर घरात अंधाराला बसायची, त्यावरून लोकांनी ठरवलं की मला घुबडासारखं अंधारात दिसतं. खरं तर अंधारातही मला धड दिसत नसे. पण माझ्यातली तेवढी एकच गोष्ट लोकांना कामाची वाटायची, म्हणून मी गप्प राहिले.

निजामाचं राज्य, जर्मनच्या लढाईचे दिवस. सरकारात भरायची लेव्हीची ज्वारी न्यायला गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, दुपारी येतोय, असा निरोप सकाळी आला. घाईनं पेव उघडलं. दरवर्षी पेव काढणारा आमचा सालगडी रानात होता.

चुलता म्हणाला, "दिवा आन."

चुलती म्हणाली, "हिला दिवा कशाला? घुबडावानी दिसतंय हिला. सोडा खाली."

दिवा बघायला नसतो, हवेसाठी असतो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी नऊ वर्षांची, अंगानं बारीक. उतरवली.

हाकेला उत्तर येईना तेव्हा चुलता स्वतः उतरायला निघाला. तेवढ्यात गडी रानातून आला. त्यानं धोतर धरून चुलत्याला मागं ओढलं.

"मालक, खुळे झालात का? दोन मढी काढायला लावता मला?"

विहिरीत पडलेली भांडी काढायचा गळ त्यानं दोराला बांधला आणि तोंडाशी पालथा झाला.

"दिसायलंय का रे काही?" चुलती म्हणाली.

"डोकं दिसायलंय. काळं असतं तर दिसलं नसतं."

तिसऱ्या खेपेला गळ मांडी फाडून परकरात अडकला. तो वण अजून आहे.

मला उन्हात टाकलं. एक म्हातारी म्हणाली, "गेली बाई. पांढरीफटक पडली."

"ती रोजच पांढरीफटक हाय!" चुलती खेकसली. माझ्या तोंडावरून जिवंत की मेली, कुणालाच कळेना. तिनं बोटानं माझी पापणी वर केली. ऊन आत गेलं आणि डोळा तिच्या बोटाखाली घट्ट मिटला.

"मिटायलाय! डोळा मिटायलाय माझ्या पोरीचा!"

माझी पोर असं ती तेव्हाच म्हणाली. नंतर कधी नाही.

मी ओकले, मग पाणी मागितलं. चुलता मटकन खाली बसला आणि हसायला लागला. हसू थांबेना. गिरदावर आला तरी तो हसतच होता.

"क्या हुआ पाटील, पागल हुए क्या?"

"पोरगी वाचली, साहेब. ज्वारी अजून पेवातच हाय."

"तो कल ले जाते," गिरदावर म्हणाला आणि चहा मागितला. एका दिवसाचीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी गड्यानं दिवा सोडला. तो विझला नाही. ज्वारी निघाली, गाडी भरली.

त्या पेवात कुणी मेलं नाही. चुलता वाचला, मी वाचले.