तंबूतला शेवट

मोहियोद्दीनला शुगर नाही, बीपी नाही. गुडघ्यांचं रडगाणं सोडलं तर सत्तरीतही माणूस ठणठणीत. पण जत्रेच्या तोंडावर शेजारच्या रोहिणीनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला आणि त्याच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला.

"मामा, ओळखा बघू काय सापडलं," ती म्हणाली.

त्या एवढ्याशा काचेवर काळ्यापांढऱ्या रंगात अक्षरं उमटली: 'तांबडी घोंगडी'. आता बोला! ज्या पिक्चरचं नाव पुण्यामुंबईत कुणी काढत नाही, इथं बेलापुरातही साठीच्या आतल्या माणसाला विचारलं तर तो घोंगडीचं दुकान शोधायला लागेल, तो पिक्चर कुण्या रिकामटेकड्यानं अख्खाच्या अख्खा मोबाईलवर चढवून ठेवला होता. मोहियोद्दीननं चष्मा पुसला. बैलगाडी तीच, धूळ तीच, खोकत खोकत ओसरीवर येणारा म्हातारा बापही तोच. एरवी त्याला किती आनंद झाला असता! त्याच्या हातून हजार पिक्चर गेले, पण जीव जडला तो ह्याच्यावर. मात्र आज रिकामा कप खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

रोहिणीला काय त्याचं! ती आपल्याच नादात. शिर्डीला तिचं फुलांचं आणि प्रसादाचं दुकान आहे. जत्रेला म्हणून ती माहेरी आली होती. तिच्या आईचं, बनुबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर बनुबाईनं लेकीजवळ एकच हट्ट धरला, मला तो पिक्चर बघायचाय. रोहिणीनं पडदा आणि मोबाईलला जोडायचं मशीन भाड्यानं सांगून ठेवलं होतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीनंतर, बनुबाईच्या अंगणात खेळ. गल्लीला आवतन गेलंसुद्धा.

"तू बघितला का गं पुरा?" मोहियोद्दीननं चाचरत विचारलं.

नाही, ती म्हणाली, आईबरोबरच बघणार. शेवट तर तिला पाठच होता, जन्मापासून ऐकत आली होती.

शेवट! तिथंच तर सगळी मेख होती.

मोहियोद्दीन ऐन उमेदीत फिरत्या टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होता. कर्जतपासून बेलापूरपर्यंत ज्या गावची जत्रा, त्या गावात त्यांचा तंबू. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मधे मशीनची घरघर आणि बाहेर जनरेटरची. त्या साली मालकानं 'तांबडी घोंगडी' आणला. पिक्चर तेव्हाच जुना झालेला, त्यात घोंगडी तांबडी की निळी हे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कुणाच्या बापाला कळणार नव्हतं, पण लोक वेडे झाले. गोष्ट साधी. सुरुवातीला लेक पहिल्यांदा माहेरपणाला येते आणि बाप कौतुकानं तिच्या खांद्यावर आपली घोंगडी टाकतो. शेवटी तीच लेक सासरचा मार खाऊन, फाटक्या लुगड्यानिशी बापाच्या दारात उभी राहते. ती कडी वाजवते. आत बाप खोकतो, पण लोकलाजेपायी दार काही उघडत नाही. मग पोरगी विहिरीकडे चालायला लागते. विहीर दिसते, पाणी दिसतं, समाप्त.

बेलापूरच्या जत्रेत पहिल्या दिवशी पिक्चर असाच दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक मोहियोद्दीनच्या अंगावर आला. म्हणाला, शेवट बदल. जत्रेला लेकी माहेरी येतात, आज तंबू त्यांनीच भरणार, त्यांना काय विहीर दाखवून सासरी धाडायचं? हे मालकाला एकाएकी कसं सुचलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मोहियोद्दीननं विचारलंही नाही. नोकर माणूस, बसला कात्री घेऊन. सुरुवातीच्या घोंगडीच्या सीनचा थोडा तुकडा काढला, शेवटी कडी वाजते तिथं पट्टी कापली, कडा खरवडून सोल्युशन लावलं आणि जोड दाबून धरला. विहीर गेली डब्यात. आता पोरगी कडी वाजवायची की लगेच बाप तिच्या खांद्यावर घोंगडी टाकायचा. फाटक्या लुगड्याचं एका क्षणात नवं लुगडं व्हायचं, पण रडणाऱ्या बायांना ते कुठं दिसायला! पुढं सगळ्या गावांत त्यानं तोच शेवट दाखवला, आणि मनातून तो त्या जोडावर खूषही होता.

खुषी जिरली ती नंतर. व्हिडिओ आले, तंबू बसला. मोहियोद्दीननं बेलापूरच्याच रोशनबीशी निकाह केला, सासुरवाडीच्या गावातच रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. शेजार मिळाला बनुबाईचा. ओळख झाल्यावर एका दुपारी तिनं रोशनबीला आपली कहाणी सांगितली आणि हा पठ्ठ्या पंखा उघडून ऐकत बसला होता.

बनूला कर्जतकडे दिलेली. सासर मारकुटं. त्या साली जत्रेला आली ती अंगभर वळ घेऊन, पण माहेरात कुणाला बोलली नाही. आणि पोटात तेव्हा रोहिणी. परत जायच्या आधी विहीर जवळ करायची, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी तंबूत ओढून नेलं. तिथं तिनं तो बाप बघितला, आणि तिला धीर आला. सासरी निघायच्या दिवशी ती वडिलांसमोर, कानिफनाथांसमोर, उभी राहिली आणि म्हणाली, दादा, मला धाडू नका. कानिफनाथ म्हणजे तापट, अबोल, गावाच्या नावाला जपणारा माणूस. तो आत गेला, घोंगडी घेऊन आला आणि तिच्या खांद्यावर टाकली.

"पिक्चरमधी बघितलं तस्संच," बनुबाई म्हणाली होती. "त्या पिक्चरनं मला बाप दावला."

मोहियोद्दीनच्या हातातून पंख्याचं पातं पडलं. दोन जिवांचं आयुष्य आपल्या एका खोट्या जोडावर उभं आहे, हे ऐकून माणसाचं दुसरं काय होणार? तेव्हापासून तो मूग गिळून बसला. बनुबाईनं त्याला भाऊ मानलं, राखी बांधली, रोहिणी त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. ती कहाणी गल्लीत कितीदा तरी सांगितली गेली आणि दर वेळी हा काहीतरी निमित्त काढून उठून गेला. आणि आता सगळ्या गल्लीसमोर, नव्या डोळ्यांनी, बनुबाई ती विहीर बघणार होती.

त्यानं काय काय करून बघितलं! रोहिणीला म्हणाला, अगं प्रिंट खराब असणार, आईच्या डोळ्यांना त्रास होईल. ती म्हणाली, झकास आहे. मग म्हणाला, त्यापेक्षा एखादा देवाधर्माचा लाव, पोराबाळांना बरा. ती हसली. शेवटी त्यानं रोशनबीला सगळं सांगून टाकलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं एवढी गोष्ट लपवली म्हणून ती आधी तासभर फुगून बसली आणि मग म्हणाली, जाऊन बनूला सांगा आणि मोकळे व्हा. पडद्यावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

पटलं त्याला. टोपी नीट करून गेला. बनुबाई अंगणात शेणसडा घालत होती, काळा चष्मा लावून. त्याला बघून म्हणाली, "या भाई. लई दिसांनी जीव हरखलाय बगा." झालं, आता हिला काय सांगणार! त्यानं मशीनची वायर कुठून आणणार एवढंच विचारलं आणि परत आला. रोशनबीनं कपाळाला हात लावला.

जत्रेचा दुसरा दिवस उजाडला. एरवी दिवसातून चारदा जाणाऱ्या लाईटनं आज जावं म्हणून मोहियोद्दीननं तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर दुवा मागितली, मग असली दुवा मागितल्याची लाज वाटून माफीही मागितली. लाईट काही गेली नाही. अंगण भरलं. माहेरी आलेल्या लेकी, गल्लीतल्या म्हाताऱ्या, पाराजवळचे दोघेतिघे म्हातारे. मोहियोद्दीन मुद्दाम वायरीच्या बोर्डाजवळ बसला. त्यानं ठरवून टाकलं होतं, कडी वाजली की बटण बंद करायचं. काय बिघडलं म्हणून विचारलं तर तोच मेकॅनिक, सांगेल तो बिघाड खरा.

पिक्चर सुरू झाला. बैलगाडीच्या गाण्याला म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. पहिल्या माहेरपणाचा सीन आला, बापानं घोंगडी टाकली. बनुबाईनं चष्मा काढून डोळे टिपले. मोहियोद्दीनला त्यातलं काही गोड लागेना. एकेक सीन त्याला पाठ, आणि प्रत्येक सीनबरोबर विहीर जवळ येत होती. सासूनं पोरीला बाहेर काढलं. पोरगी चालायला लागली. आलं गाव, आलं दार.

कडी वाजली. मोहियोद्दीननं हात बोर्डाकडे नेला.

"भाई," बनुबाई मागं न वळताच म्हणाली, "बटनाला हात लावू नका. बघू द्या मला."

त्यानं हात मागं घेतला. पडद्यावर बाप खोकला. दार बंदच राहिलं. पोरगी वळली, विहीर दिसली, पाणी दिसलं, समाप्त.

मग एक म्हातारी करवादली, हे असं नव्हतं, घोंगडी टाकतो तो. दुसरी म्हणाली, व्हय तर, मी सोता बघितलंय, हे कुनीतरी मागून घुसडलंय. म्हातारेही माना हलवायला लागले. रोहिणी भांबावून एकदा मोबाईलकडे, एकदा आईकडे बघत राहिली. आणि मग सगळ्यांनी मिळून मोहियोद्दीनकडे बघितलं. तंबूतला माणूस तोच होता ना! तो कसाबसा उठला आणि म्हणाला, "बनू, तो शेवट माझा होता. कापून जोडलेला. खरा पिक्चर हाच. मला माफ कर."

बनुबाईनं चष्मा पदरानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"मला ठाव हाय, भाई. दादांनी जाताना सांगितलं. पहिल्या दिवशीचा खेळ त्यांनी बघितला हुता. मैतरनी मला दुसऱ्या दिवशी न्येनार हुत्या. रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला त्यांच्या. सकाळीच तंबूच्या मालकाकडं गेले आन् हात जोडले. म्हनले, माझी लेक आज बघाया येनार, तिला हिर दावू नका."

मोहियोद्दीन खाली बसला. जन्मात कुणापुढं हात न जोडलेला कानिफनाथ तंबूच्या दारात हात जोडून उभा आहे, हे काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणजे पोरीचं दुखणं ती न सांगताच बापाला दिसलं होतं. घोंगडी त्यानं पिक्चर बघून टाकली नव्हती, पिक्चरमध्ये ती त्यानंच टाकायला लावली होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?" त्यानं विचारलं.

"मालकानं तुमाला सांगितलं आसंल, मला वाटलं. दादांचा शब्द पाळताय. मग मी कशाला मोडू?" ती म्हणाली. मग तिनं पडद्याकडे बोट केलं. "काय बघून म्हातारा येवढा भ्याला, ते मला येकदा बघायचं हुतं. बघितलं आता."

रोहिणी आईला बिलगून रडत होती. रोशनबी पदर तोंडाला लावून बसली होती. मोहियोद्दीननं डोळे कोरडे केले, आणि मग तो उठून रोहिणीजवळ गेला. तिच्या हातातल्या मोबाईलवर त्यानं आपलं बोट ठेवलं आणि म्हणाला, मागं घे बाई, अगदी सुरुवातीला, मी सांगतो तिथं थांब. चित्रं भराभर मागं पळाली. त्यानं थांब म्हटलं तिथं ती थांबली.

बाप ओसरीवरून उतरला, खोकला, आणि त्यानं लेकीच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

"हां," मागून एक म्हातारी म्हणाली, "आता कसं बरोबर झालं."