सात नंबरचा दगड

"मैडम, ये पिलर तो आप ही के लगाए हुए हैं।"

खनिज खात्याच्या साहेबांनी नकाशा माझ्याकडे सरकवला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सही माझीच होती. शिक्का माझा, अक्षर माझं, उत्तर दिशेचा बाणही माझा. एरवी तो बाण पाहून मीच खूश झाले असते.

शेजारी रश्मी बसली होती. ही माझ्या भावाची मुलगी. दुर्गच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जामुलच्या पुढच्या एका गावात हजारो वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे, तिथे माणसापेक्षा उंच उभे दगड आहेत, दगडांची वर्तुळं आहेत, आणि फर्शीची खदान वाढवून ती जागा खणायला परवानगी देऊ नका, असा अर्ज तिनं गावकऱ्यांबरोबर केला होता. त्याची ती सुनावणी. जागेची मोजणी समजावून सांगायला तज्ज्ञ म्हणून तिनं मला आणलं होतं. आता ती तज्ज्ञाकडे टक लावून पाहत होती.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. मंजूर नकाशात हे अकरा दगड हद्दीचे खांब म्हणून दाखवले आहेत. हद्दीचे खांब सर्व्हेयर बसवतो. सर्व्हेयर समोर बसल्या आहेत. मग हे दगड हजारो वर्षांचे कसे?

"पंधरा दिवसांत पुरावा आणा," ते म्हणाले. "नाहीतर मला मंजुरी द्यावी लागेल."

मी रुमालानं कपाळ पुसलं. खोलीत कूलर चालू होता, तरी.

माझं काम आधी सांगते. मी सर्व्हेयर. आयुष्यभर भिलाईच्या कारखान्यात सर्व्हे सेक्शनमध्ये होते. रिटायर झाल्यावर तिथेच कोहक्याच्या घरी एका खोलीत ऑफिस थाटलं. एखाद्याला खदान काढायची असेल तर सरकार त्याला जमिनीचा ठराविक तुकडा पट्ट्यानं देतं. तो तुकडा नेमका कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, ते मोजून नकाशावर उतरवायचं, हे माझं काम. मोजायला टोटल स्टेशन असतं. तिपाईवर बसवलेली दुर्बीणच समजा. समोर एक माणूस काठीला लावलेला आरसा धरून उभा राहतो, आणि यंत्र त्याचं अंतर नि कोन सांगतं. माझा आरसा धरणारा माणूस म्हणजे देवाजी. भंडाऱ्याकडचा. कारखान्यातही माझ्याबरोबरच होता, माझ्यामागोमाग रिटायर झाला आणि दुसऱ्या आठवड्यात दारात येऊन म्हणाला, "बाई, घरी बसून डोकं खराब होऊन राहिलं. काम काढा."

मोजून झालं की हद्दीवर ठराविक अंतरानं सिमेंटचे खांब ओतायचे, त्यांना पांढरा चुना लावायचा, लाल रंगानं नंबर टाकायचे. हा नियम आहे. आणि माझी चूक इथेच झाली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ही फर्शीची खदान नवीन निघत होती. किशोरसेठ म्हणून मालक. बोलायला गोड माणूस, भेटला की आधी चहा, मग काम. त्या दिवशी सेठची सिमेंटची गाडी येणार होती, ती वाटेत बंद पडली. दुपार वर आलेली. आम्ही दोघं पळसाच्या तुटपुंज्या सावलीत बसलो होतो. आणि समोर पट्ट्याच्या कडेनं दगड उभे होते. अकरा. एका ओळीत, असे सरळ, की मी दुर्बिणीतून पाहिलं आणि जीव सुखावला. मला सरळ रेघ दिसली की दुसरं काही दिसत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे.

"देवाजी," मी म्हटलं, "हद्द जराशी अलीकडं घेतली तर हे दगडच खांब होतात ना?"

"हो ना बाई. सिमेंटचं कामच नाई मंग."

सेठला फोन केला. त्याला पलीकडची चार हात जमीन तेव्हा नकोच होती. देवाजीनं रंगाचा डबा उघडला, मी ब्रश घेतला. एक ते अकरा नंबर टाकले. अक्षर वळणदार. घरी येऊन नकाशात लिहिलं, 'हद्दीचे खांब', आणि सही केली. चार वाजता आम्ही घरी चहा पीत होतो. त्या दगडांच्या पलीकडे झुडपांत दगडांची वर्तुळं होती, ती मी पाहिलीही असतील. पण पट्ट्याबाहेरच्या गोष्टी मोजायच्या नसतात, म्हणून त्या मला दिसल्या नाहीत.

त्यानंतर सेठची खदान अलीकडच्या बाजूनं खोल होत गेली. आता फर्शी संपत आली, म्हणून त्यानं पलीकडची जमीन मागितली. दगड आणि वर्तुळं सगळी मधोमध.

रश्मी पहिल्यांदा ही जागा पाहून आली तेव्हा स्कूटर उभी करायचंही तिला भान नव्हतं. हेल्मेट डोक्यावरच, आणि मोबाइल माझ्या नाकासमोर.

"आत्या, देख तो सही! असे दगड मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी उभे करायचे. लोखंड नवीन होतं ना, तवाची गोष्ट. आणि किसी पागल ने इन पे पेंट मार दिया है! एक ते अकरा. कोण करते असं?"

मी फोटो पाहिला. सात नंबरच्या दगडावरच्या सातला मधून आडवी रेघ होती. आमच्या सेक्शनमध्ये इंग्रजी सात असाच काढायचा, नाहीतर तो एकासारखा दिसतो.

"असंल कोणी," मी म्हटलं आणि पोळी उलटायला आत गेले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भाचीच्या नजरेत आपण शहाणी आत्या असतो, ते पद सोडवत नाही. शिवाय वाटलं, तो जुना नकाशा कोण उकरून काढतंय आता? मी मुकाट तिच्या बाजूला उभी राहिले. गावात तिच्याबरोबर फिरले, सह्या गोळा केल्या, वर्तुळं मोजून फुकट नवा नकाशा करून दिला. देवाजीनं आरसा धरला आणि तोंड बंद ठेवलं.

गावच्या सरपंच फूलबाई. सत्तरीच्या, कडक, हसल्या की सगळा चेहरा हसतो. त्यांनी आम्हाला सांगितलं की ही लग्नाची वरात आहे, इथे बसली ती उठलीच नाही. गावात कुठलंही लग्न असो, पहिल्या अकरा पत्रावळी या वऱ्हाडाच्या. गावातला कोणीही तिथे नांगर घालत नाही. मग सातव्या दगडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "फेर कोनो आके बरतिया मन ला नंबर दे दिस!" म्हणजे, कोणीतरी येऊन चक्क वऱ्हाड्यांना नंबर देऊन गेलं.

सगळे हसले. मीही हसले. देवाजीला खोकला आला.

तर, त्या सुनावणीनंतर रश्मी माझ्यापुढे तरातरा जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "वो पागल तू होतीस?"

"हो."

"मले सांगितलं कावून नाही आत्या? पूरे ऑफिस के सामने मेरी नाक कट गई."

"माझी वाचवायची होती," मी म्हटलं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

कोहक्यापर्यंत मी तिच्या स्कूटरवर मागे बसून आले. एक शब्द नाही. घरी आल्यावर मी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची फील्डबुक काढली. मोजणी करताना जागेवर जे दिसतं, ते ज्या वहीत लिहायचं ती फील्डबुक. तिच्यात खोडरबर वापरायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं. कारखान्यातल्या माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "रबर घरी ठेवून यायचं." त्यामुळे माझ्या वहीत सगळं तसंच असतं.

त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: 'हजर: मी आणि देवाजी. काम सुरू सकाळी आठ, बंद तीन. सिमेंट आलं नाही. जागेवर आधीपासूनचे उभे दगड अकरा. त्यांच्यावरच नंबर टाकले. रंग एक डबा.'

पुरावा होता. फक्त तो माझ्याविरुद्ध होता. ही वही दाखवली तर मी सही केलेला नकाशा खोटा ठरणार. चाळीस वर्षांत माझ्या नकाशावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. खात्याच्या मान्य सर्व्हेयरांच्या यादीतून नाव गेलं तर सर्व्हेचं कामच संपलं. आणि नाही दाखवली तर ती अकरा दगडांची ओळ मशीनखाली जाणार, तीही माझ्या सहीच्या जोरावर.

देवाजी संध्याकाळी आला. मी वही त्याच्यापुढे ठेवली.

"आता काय करू?"

त्यानं आपलं नाव शोधलं, त्यावर बोट फिरवलं. "तुमी कारखान्यात मले एकदा पाच मिलीमीटरसाठी भर उन्हात परत पाठवलं होतं, आठवते का?"

"आठवते."

"मंग हे तर अकरा दगड हायेत, बाई."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, "मैडम, आपको पता है आप क्या दे रही हैं?" मी म्हटलं, पता है. त्यांनी जागेवर पाहणी ठेवली. अर्जदार, खदानमालक आणि खातं, सगळ्यांनी एकत्र जायचं.

पाहणीला किशोरसेठ सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आला होता. गाव आधीच जमलं होतं. सेठचं म्हणणं तयार होतं. मॅडम आता भाचीसाठी बोलून राहिल्या. वहीचं काय, त्यात काहीही लिहिता येतं. हे खांब मॅडमनीच रोवले, नंबर साक्षीला आहेत.

साहेब सातव्या दगडापाशी गेले. दगड त्यांच्यापेक्षा हातभर उंच. त्यांनी दोन्ही हात पसरून त्याला मिठी मारून पाहिली, बोटं पलीकडे भेटेनात. मग वही उघडली.

"त्या दिवशी कामावर किती माणसं होती?"

"दोन," मी म्हटलं. "मी आणि हा."

साहेबांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजी म्हणजे पन्नास किलोचा माणूस, तोही छत्री धरून.

"असे अकरा दगड तुम्ही दोघांनी रोवले? आठ ते तीन?"

"साहेब," देवाजी म्हणाला, "मधात एक घंटा जेवाची सुट्टी बी होती."

फूलबाई पहिल्या हसल्या. मग सगळं गाव. मग साहेब, आणि शेवटी सेठही, बाटलीचं झाकण लावता लावता. सेठनं मला हळूच विचारलं, "मैडम, दो-चार मजदूर तो लिख देतीं?" मी म्हटलं, सेठजी, मी रबर घरी ठेवून येते.

निकाल महिन्याभरात आला. पलीकडच्या जमिनीची परवानगी नाकारली. दगडांच्या अलीकडेही मोकळी पट्टी सोडायला लावली. पुरातत्त्वाची माणसं येऊन कुंपण आणि बोर्ड लावून गेली. सेठला दुसऱ्या गावाकडे जागा मिळाली, त्याची मोजणी दुसऱ्या सर्व्हेयरनं केली. मला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभर यादीतून नाव बाहेर. ते पत्र मी फ्रेम करून ऑफिसात लावणार होते, पण देवाजी म्हणाला, "गिऱ्हाईक पळून जाईन."

नंबर पुसायला मी रॉकेल आणि ब्रश घेऊन गेले होते. पुरातत्त्ववाल्या बाईंनी हात धरला. घासलं तर दगडाची वरची कातडी जाईल, राहू द्या, उन्हापावसानं जाईल ते. वर त्यांच्या नोंदवहीतही त्यांनी माझेच नंबर घेतले, ओळखायला सोपे म्हणून. रश्मी म्हणाली, "आत्या, इतिहास में नाम लिखवा लिया तूने." ती पुन्हा बोलायला लागली होती, म्हणून मी ऐकून घेतलं.

यंदा फूलबाईंच्या नातीचं लग्न झालं. मला आणि देवाजीला खास बोलावणं होतं. आधी वऱ्हाडाला वाढायचं म्हणून बायका पत्रावळी घेऊन कुंपणातून आत गेल्या. मी मागे होते. पुढून फूलबाईंनी आवाज दिला, "अरे, सात नंबर म साग नइ परे हे!"

सात नंबरला भाजी पडली नव्हती. कोणीतरी वाटी माझ्या हातात दिली. मी भाजी वाढली, पदर सावरला आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्या दगडाला हात जोडले. सातच्या पोटातली आडवी रेघ अजून लालभडक होती. रंग तेव्हा चांगल्या कंपनीचा घेतला होता.

यादीत नाव परत आलं आहे. हल्ली मोजणीला निघताना गाडीत आधी सिमेंटची पोती चढतात, मग आम्ही.