मुन्शी घाटामागची खोली

काशीत मला पहिली जागा मिळाली ती मिशनच्या बंगल्यामागे, कोळशाच्या कोठीला लागून असलेली एक खोली. मी नगरकडची. आईवडील दुष्काळाच्या सालात ख्रिस्ती झालेले. मी मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथेच शिकवू लागले. लग्न ठरलं होतं ते मोडलं, आणि पुढे तिशी उलटली तरी कोणी पुन्हा विषय काढला नाही. काशीच्या मिशनने आमच्याकडे मराठी बोलणारी एक बाई मागितली होती. घाटांच्या आसपास मराठी ब्राह्मणांची पुष्कळ घरं होती, पण त्या घरांतल्या बायकांशी बोलायला तिथल्या मडमांना भाषा नव्हती. मला विचारलं, मी हो म्हटलं. आमच्याकडे उत्तरेतून आलेल्या माणसाला परदेशी म्हणतात. आगगाडीतून उतरले तेव्हापासून ते नाव मला लागू झालं.

बंगल्यात दोन मडमबाई राहत. दोघी मनाने चांगल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला रोज टेबलावर जेवायला बोलावलं. मी येऊन बसले की त्यांचं बोलणं थांबे, मग मला समजावं म्हणून त्या एकेक शब्द सुटा करून बोलत, आणि थोड्या वेळाने तेही संपे. मागच्या चाळीत हिंदुस्थानी ख्रिस्ती कुटुंबं होती. मी बंगल्याची म्हणून ती माझ्यापुढे खाटेवरून उठून उभी राहत. बसा म्हटलं तरी बसत नसत. शेवटी मी माझ्या खोलीतच चूल मांडली. चाळीतून येणाऱ्या मोहरीच्या तेलाचा वास नाकात जाई आणि घशाखाली घास उतरत नसे. बंगल्याच्या आवारात मराठीचा एक शब्द कानावर पडत नसे, म्हणून मी प्रार्थना मोठ्याने करू लागले.

कामाचीही तीच गत. बंगल्यापासून घाटापर्यंत जायला अर्धी सकाळ जाई. मराठी घरांतल्या बायका मला ओटीपर्यंत येऊ देत, कारण मी लोकरीचं विणकाम शिकवी. टाके शिकून होईपर्यंत त्या गोड बोलत. मी शुभवर्तमान काढलं की कोणाला तरी आत दुधाची आठवण येई. परत निघाले की पाठीमागे मी बसले होते त्या जागेवर पाणी ओतल्याचा आवाज ऐकू येई. त्याचा मला राग येत नसे. वाईट एवढंच वाटे की माझं पाऊल गल्लीच्या वळणापलीकडे पडेपर्यंतही त्या थांबत नसत.

मी शहरात राहायची परवानगी मागितली. थोरल्या मडमबाईंनी बरेच दिवस विचार केला आणि होकार दिला. पण घर मिळेना. प्रत्येक दारात आधी जात विचारत. अखेर मुन्शी घाटामागच्या एका अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. मालक बंगाली, राहायला कलकत्त्याला. खाली त्याचं जुनं लाकूडसामान भरलेलं होतं आणि ते चोरीला जाऊ नये म्हणून वर कोणीतरी राहायला हवं होतं, तेव्हा त्याच्या मुनिमाने जात विचारली नाही. भिंतींना ओल होती. माकडांमुळे खिडकीला गज होते आणि सूर्य त्या गल्लीत जेमतेम डोकावून जाई. पाणी एक मुसलमान भिस्ती पखालीतून आणून माझ्या रांजणात ओती. गल्लीतलं दुसरं कोणी ते पाणी घेत नसे, त्यामुळे तो माझ्याकडे अगदी निवांत येई.

समोरच्या घराची खिडकी इतकी जवळ होती की दोन्हीकडून हात पुढे केले असते तर बोटं बोटांना लागली असती. महिनाभर ती बंदच पाहिली. एका सकाळी मी तांदूळ निवडत आमच्या ख्रिस्ती देवळातलं एक गीत गुणगुणत होते. आमची गीतं भजनाच्या चालीवरची. समोरच्या खिडकीचं दार करकरलं आणि आतून आवाज आला, "कोण गं ते मराठीत?"

लाल आलवणातल्या एक सोवळ्या बाई गजांशी उभ्या होत्या. वय साठीच्या पुढचं, डोळे मात्र तरतरीत. मी त्यांना काकू म्हणू लागले. त्या वाईकडच्या. नवरा वेद शिकवायला काशीला आला, त्याच्याबरोबर लहान वयात इथे आल्या आणि पुन्हा देशावर गेल्या नाहीत. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचा एक शिष्य आठवड्याला शिधा पोचवून जाई. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू येई. त्या दाराला किवाड म्हणत, भांड्यांना बर्तन म्हणत, आणि मध्येच एखादा शब्द असा काढत की तो माझ्या आजीनंतर मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. आम्ही बोललो ते भाकरीबद्दल, आंब्याच्या लोणच्याबद्दल, घाटावर पाय घसरतो त्याबद्दल. बोलायला विषय लागत नव्हता, मराठी असली की पुरत होतं.

एकदा त्यांनी विचारलं, "तू कोणाची गं? आडनावावरून कळेना."

मी म्हटलं, "काकू, मी ख्रिस्ती आहे. इथे मिशनचं काम करते."

त्या मागे सरल्या. दोन्ही किवाडं ओढून घेतली आणि आतून कडी घातली. त्यानंतर उन्हाळा संपून पावसाळा लागला तरी ती खिडकी उघडली नाही. आत भांडं ठेवल्याचा आवाज येई, जप चालू असे, खोकला येई. मी घरात असताना गाणं सोडून दिलं. तो काळ मला काशीतला सर्वांत कठीण गेला. बंगल्यामागे एकटी होते तेव्हा निदान आधी जवळ येऊन मग तोंड फिरवलेलं कोणी नव्हतं.

श्रावण उतरता उतरता गंगा चढू लागली. घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या, आणि एके सकाळी गल्लीतून गढूळ पाणी वाहताना दिसलं. माझ्या खालचं लाकूडसामान तरंगून दारावर आदळू लागलं. समोरच्या घरातले खालचे भाडेकरू गाठोडी घेऊन निघून गेले. दुपारी मिशनची होडी माझ्यासाठी आली. खिडकीखाली उभा राहून नावाडी मला घाई करू लागला.

मी बंद किवाडावर छत्रीच्या टोकाने ठोकलं. "काकू, होडी आली आहे. चला."

कडी निघाली. कित्येक महिन्यांनी त्या दिसल्या, आणि पार वाळल्या होत्या. "काशीत मरायला म्हणून राहिले," त्या म्हणाल्या, "आता पळू कुठे? बाढ काय, दरसाल येते. तू जा."

मी नावाड्याला परत पाठवलं. त्यात माझा फार मोठा चांगुलपणा होता असं नाही. त्या कोळशाच्या कोठीशेजारी परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून धूर आला नाही, जपाचा आवाजही नाही. मी हाक मारली. त्यांच्या गोवऱ्या खालच्या खोलीत होत्या, त्या भिजून गेल्या होत्या. चूल आदल्या दिवसापासून थंड. एकभुक्त राहणारी बाई, तो एक वेळचा घासही चुकला होता. माझ्याकडे भात शिजलेला होता, पण तो पुढे करण्यात अर्थ नाही हे मला कळत होतं. मी विचारलं, "काकू, निखारा देऊ का?"

त्यांनी माझ्या चुलीकडे बघितलं. मग आत गेल्या आणि लोखंडी पळी घेऊन आल्या. मी सांडशीत निखारा धरून हात गजांतून बाहेर काढला, त्यांनी पळी पुढे केली. खालून पाणी वाहत होतं. मागून मी माझ्या कोरड्या गोवऱ्या एकेक करून दिल्या. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "शेण चालतं, विस्तव चालतो," त्या म्हणाल्या. "भात तुझा तू खा."

भात होताच त्या माझ्याकडे पाठ करून जेवायला बसल्या. खिडकी मात्र त्यांनी उघडी ठेवली. मीही माझं ताट घेऊन बसले. काशीला आल्यापासून कोणाची सोबत वाटून जेवले ते त्याच दिवशी.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही पुष्कळ बोललो. मी कशासाठी आले हे त्यांनी स्वतःच विचारलं. मी येशूबद्दल जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, त्यांचं सगळं त्यांनी विश्वेश्वराच्या स्वाधीन केलंय, आता उलटापालट करायचं वय नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "इथे मला आप म्हणणारे पुष्कळ आहेत. अगं म्हणणारं कोणी उरलं नाही बघ." मी त्यांना अगं म्हणणं शक्य नव्हतं.

पाणी उतरलं. गल्लीत गुडघाभर चिखल राहिला आणि त्यांच्या घराची एक भिंत फुगली. शिष्य आला आणि त्यांना भोसले घाटाजवळ, जिथे अशा आणखी काही मराठी बायका राहत होत्या, तिथे घेऊन गेला. मी विणकाम शिकवायला गेले होते, परत आले तेव्हा समोर कोणी नव्हतं. त्या घराच्या मालकाने ती खोली एका भांडेवाल्याला माल ठेवायला दिली. त्याने चोरांच्या भीतीने खिडकी विटांनी बुजवली.

त्या हिवाळ्यात मी भोसले घाटावरून जात असताना त्या दिसल्या. स्नान करून तिघीचौघींबरोबर ओलेत्याने पायऱ्या चढत होत्या. मी बाजूला सरले. त्यांनी मला ओळखलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण नजर लगेच पायरीवर गेली. अगदी जवळून जाताना, मान न वळवता, त्या एवढंच म्हणाल्या, "जेवतेस ना वेळेवर?"

मी हो म्हणेपर्यंत त्या बायकांबरोबर वर पोचल्या होत्या.

पुढे मी काशीत आणखी काही वर्षं काढली. ओटीवर बसणाऱ्या बायका थोड्या वाढल्या. त्यांतली एक तरुण सून माझ्याकडून वाचायला शिकली. ख्रिस्ती कोणी झालं नाही. ताप वारंवार येऊ लागला तेव्हा मिशनने मला नगरला परत पाठवलं. निघायच्या आधी मी दोनदा भोसले घाटावर जाऊन सकाळभर बसले. त्या दिसल्या नाहीत. आजारी होत्या, की दुसरीकडे गेल्या होत्या, की काशीत ज्यासाठी थांबल्या होत्या ते त्यांना मिळालं होतं, हे मी कोणाला विचारणार? विचारलंच असतं, तर आधी मलाच विचारलं असतं, तू त्यांची कोण?